करमुक्त खाते आणि मामूंची पेटी

पीपीएफचे खाते कोणासाठी असते, असे पातूरच्या बाजारात कुणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते: नोकरीवाल्यांसाठी. मास्तर, तलाठी, बँकेतला क्लार्क यांनी मार्च महिन्यात कर वाचवण्यासाठी पैसे टाकायची ती जागा. गॅरेजवाला, फळविक्रेता, शिंपी, ट्रकचा ड्रायव्हर यांचा तिथे काय संबंध?

इतिहास नेमका उलटा आहे. 1968 साली संसदेने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा कायदा केला, तो 'सर्वसाधारण जनतेसाठी'. सरकारी नोकरांना भविष्य निर्वाह निधी होताच. कारखान्यातल्या कामगारांसाठी 1952 चा कायदा होता. राहिले होते ते स्वतःचा धंदा करणारे, ज्यांचा कोणी मालक नाही आणि ज्यांच्या पगारातून कापून घेणारेही कोणी नाही. त्यांना म्हातारपणासाठी स्वतःच्या हाताने पैसे बाजूला ठेवता यावेत, म्हणून हा 'सार्वजनिक' निधी निघाला. म्हणजे पातूरचा गॅरेजवाला हाच त्याचा खरा खातेदार.

तो खातेदार का झाला नाही, हे या लेखात शोधायचे आहे. एक कारण सगळ्यांना माहीत आहे, ते म्हणजे व्याज, आपल्या भाषेत सूद आणि कुरआनच्या भाषेत रिबा. पण ते एकटेच कारण नाही. आणि त्या कारणाचाही इतिहास आपल्याला वाटतो तेवढा सरळ नाही.

चार आण्यांची बँक

पातूरला जुन्या कागदांत पातूर शेख बाबू म्हणतात. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून पडलेले हे नाव. बालाघाटच्या पायथ्याचे, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने आले. पैसा हातात खेळू लागला, पण तो ठेवायचा कुठे? जमिनीत, दागिन्यात, नाहीतर सावकाराकडे. युद्ध संपले, भाव कोसळले आणि ज्यांनी तेजीत कर्ज काढले होते ते सावकाराच्या वहीत अडकले.

अशा मुलखात सरकारी बचत बँकेची कल्पना आली. 1873 मध्ये सरकारी बचत बँकांचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1882 पासून टपाल कचेरीत बचत बँक सुरू झाली. विलायतेत ग्लॅडस्टनने 1861 मध्ये हीच योजना आणली होती. मोठ्या बँकेच्या दारात उभे राहायची ज्याची हिंमत होत नाही, त्याने गल्लीतल्या टपाल कचेरीत चार आणे ठेवावेत. पैसे बुडणार नाहीत, कारण मागे सरकार उभे आहे. 1873 चा तो कायदा नाव बदलून आजही जिवंत आहे आणि पीपीएफची सध्याची योजना त्याच्याच खाली चालते.

बचतीला करात सूट द्यायची कल्पनाही तितकीच जुनी. 1857 च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सनने 1860 मध्ये पहिला आयकर आणला. 1886 च्या कायद्यात दोन गोष्टी आल्या. आयुर्विम्याच्या हप्त्यावर सूट मिळाली आणि शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळले गेले. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

मग पहिले महायुद्ध आले. सरकारला पैसे हवे होते. एप्रिल 1917 पासून टपाल कचेरीत पाच वर्षांची कॅश सर्टिफिकिटे विकायला आली. 7 रुपये 12 आणे भरायचे आणि पाच वर्षांनी 10 रुपये घ्यायचे. त्या वाढीवर आयकर नव्हता. आपल्याकडच्या करमुक्त बचतीचा सांगाडा तिथेच तयार झाला. सरकारला दीर्घ मुदतीचे कर्ज हवे असते आणि सामान्य माणसाला सुरक्षित जागा. सरकार कराचा हक्क सोडते, माणूस पैसे काढायचा हक्क काही वर्षे सोडतो. पीपीएफ, सुकन्या समृद्धी ही खाती याच सौद्याची नातवंडे आहेत. त्यातल्या पैशांना आपण 'बचत' म्हणतो, पण सरकारच्या बाजूने पाहिले तर ते आपण सरकारला दिलेले कर्ज असते.

आणि कर्ज म्हटले, त्यावर ठरलेली वाढ म्हटली, की मुसलमानाच्या मनात लगेच सवाल उभा राहतो.

कैरोपासून देवबंदपर्यंत

सूरह बकराच्या 275 ते 279 या आयतींत रिबाला मनाई आहे. व्यापार हलाल, रिबा हराम, हा फरक तिथे स्पष्ट केलेला आहे. वाद असा झाला की, गरजवंताला नाडून घेतलेले सावकारी व्याज आणि सरकारने ठेवीवर दिलेली वाढ, दोन्ही एकच का?

हा वाद आपल्या मोहल्ल्यापुरता कधीच नव्हता. इजिप्तमध्ये 1901 साली टपाल बचत बँक निघाली, तेव्हा तीन हजारांहून अधिक मुसलमान ठेवीदारांनी व्याज घ्यायला नकार दिल्याची नोंद आहे. मुहम्मद अब्दुह तेव्हा इजिप्तचे मुफ्ती होते. उलेमांशी सल्लामसलत झाली आणि 1904 मध्ये सरकारने नियम बदलून ठेवीदाराला व्याजाऐवजी मुदारबासारख्या भागीदारीच्या तत्त्वावर नफा घेण्याची वाट करून दिली. मुदारबा म्हणजे एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात ठरलेला हिस्सा. लोकांनी नकार दिला, त्यावर सरकार वाकले आणि कायदा बदलला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हिंदुस्थानात चर्चा वेगळ्या वळणाने गेली. सर सय्यद अहमद खान यांनी गरिबाकडून घेतलेले व्याज आणि सरकारी रोख्यांवरची वाढ यांत फरक केला. काही हनफी आलिमांनी इंग्रजी अमलातला मुलूख दारुल हरब धरून बिगरमुस्लिम सत्तेकडून मिळणारी वाढ घ्यायला हरकत नाही, असे म्हटले. बहुसंख्य उलेमांना मात्र हे पटले नाही. त्यांच्या मते बँकेचे व्याज रिबाच होते आणि आजही बहुसंख्य मत तेच आहे.

पण त्याच उलेमांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपल्या गावात पोहोचलीच नाही. खात्यावर जमा झालेले व्याज बँकेत सोडून देऊ नका, असे त्यांनी बजावले. सोडलेला पैसा मिशनऱ्यांच्या कामाला लागेल, ही भीती त्या काळच्या फतव्यांत दिसते. व्याज काढून घ्या, स्वतःवर खर्च करू नका आणि सवाबची नियत न ठेवता गरजवंताला देऊन टाका, असा मार्ग ठरला. मुफ्ती किफायतुल्लाह यांच्यापासून पुढच्या पिढ्यांपर्यंत देवबंदी फतव्यांत हा सूर कायम आहे. म्हणजे खाते उघडू नका, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सुरक्षिततेसाठी खाते ठेवा, मुद्दल तुमचे आहे, वाढ तुमची नाही, एवढेच त्यातून निघते.

अब्बांचा फंड, मामूंची पेटी

हा फरक मला पुस्तकात सापडायच्या आधी घरात दिसला होता. माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. दर महिन्याला त्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे जीपीएफचे पैसे कापले जात. त्यावर सरकार व्याज देई. अब्बा पाच वक्तांचे नमाजी, पण त्या वाढीबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. मामूंचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. त्यांनी आयुष्यभर बँकेत खाते काढले नाही. नोटा कपड्यांच्या लोखंडी पेटीत, साडीच्या घडीखाली. "बाबू, सूद का पैसा घर में नको," हे त्यांचे वाक्य.

एकाच घरातली ही दोन माणसे, दोघेही दीनदार. मग अब्बांना जे चालले ते मामूंना का चालले नाही? याचे उत्तर फिक्हमध्ये आहे. मौलाना अशरफ अली थानवी आणि पुढे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी प्रॉव्हिडंट फंडाचा सवाल तपासला. सक्तीने कापलेली रक्कम नोकराच्या हातात कधी आलेलीच नसते, त्यामुळे ती त्याच्या मालकीची झालेली नसते. मग तिच्यावर सरकारने दिलेली वाढ हे त्याच्या कर्जावरचे व्याज नसून त्याच्या मेहनतान्याचाच पुढे मिळणारा भाग आहे. कागदावर तिला 'व्याज' म्हटले तरी शरियतच्या लेखी ती रिबा नाही. मुफ्ती शफींनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आपणहून जास्त कापून घेतलेल्या रकमेबाबत मात्र त्यांनी सावध राहायला सांगितले.

यातून एक विचित्र परिणाम झाला. ज्याला मालक आहे, पगार आहे, पेन्शन आहे, त्याच्यासाठी वाट मोकळी झाली. ज्याला यातले काहीच नाही, तो आपल्या हाताने पीपीएफमध्ये पैसे टाकतो, ते आधी त्याच्या मालकीचे असतात, म्हणून त्यावरची वाढ बहुसंख्य मुफ्तींच्या मते व्याजच ठरते. 1968 च्या कायद्याने मामूंसारख्यांसाठी दार उघडले, पण त्यांच्यापर्यंत पोहोचले ते फक्त 'सूद है' हे दोन शब्द. त्यापुढचे, म्हणजे मुद्दल ठेवा आणि वाढ देऊन टाका, हे त्यांना कोणी सांगितले नाही. जुम्याच्या बयानात व्याजाची मनाई आम्ही अनेकदा ऐकली, पण खात्याची इजाजत कधी ऐकली नाही.

आता अब्बांचा फंडही राहिलेला नाही. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जीपीएफ आणि जुनी पेन्शन लागू नाही. त्यामुळे आज तरुण शिक्षकासमोरही मामूंचाच सवाल उभा आहे.

खाते चालते कसे

पीपीएफ खाते टपाल कचेरीत किंवा बँकेत एका माणसाच्या नावाने निघते. वर्षाला किमान 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. मुदत 15 वर्षांची, आणि ती ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले त्याच्या अखेरीपासून मोजतात. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात जमेवर कर्ज मिळते, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. महिन्याच्या 5 तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याजाचा हिशेब होतो आणि 31 मार्चला ते जमा होते. 1968 मध्ये दर 4.8 टक्के होता. 1986 ते जानेवारी 2000 तो 12 टक्के राहिला. एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे.

कराची सूट तीन ठिकाणी: भरताना, वाढताना आणि काढताना. जुन्या करपद्धतीत भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या करपद्धतीत ही पहिली सूट मिळत नाही, मात्र व्याज आणि अखेरची रक्कम दोन्हीकडे करमुक्तच राहते.

आता पहिल्या सुटीचा हिशेब करू. जुन्या पद्धतीत वरच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस दीड लाख भरतो, तेव्हा उपकरासह त्याचे 46,800 रुपये वाचतात. खालच्या टप्प्यातल्याचे तेवढ्याच रकमेवर कमी वाचतात. ज्याला करच लागत नाही, त्याचे शून्य. पातूरचा कास्तकार शेतीवर जगतो आणि 1886 पासून शेतीचे उत्पन्न आयकराबाहेर आहे. गॅरेजवाल्याचे उत्पन्नही कराच्या रेषेपर्यंत क्वचितच जाते. म्हणजे सरकार ज्या सवलतीचा गाजावाजा करते, ती जास्त कमावणाऱ्याला जास्त मिळते आणि कमी कमावणाऱ्याला अजिबात नाही. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. चोंढीचा बंजारा शेतमजूर आणि पातूरचा अत्तार इथे एकाच ओळीत उभे आहेत.

एजंटही मग त्यांच्याकडे का जाईल? 'कर वाचवा' हेच ज्याचे बोलणे, त्याला कर नसणाऱ्याशी बोलायला शब्दच नसतात. सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात नोंदवले की, काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग 'नकारात्मक क्षेत्र' म्हणून ठरवून ठेवले आहेत. आम्ही सुदामुळे बँकेपासून लांब राहिलो हे खरे, पण बँकही आमच्यापर्यंत चालत आली नाही, हेही तितकेच खरे.

मग कर नसलेल्या माणसाने या खात्याकडे का पाहावे? दोन कारणांसाठी. पहिले, मुद्दलामागे भारत सरकार आहे. दुसरे कारण वऱ्हाडात तरी पहिले असायला हवे: कर्जवसुलीच्या कोर्टाच्या हुकमाने पीपीएफची रक्कम जप्त करता येत नाही. धंदा बसला, देणेकरी दारात आले, कोर्टाचा निकाल लागला, तरी या पैशाला हात लागत नाही. ज्या मुलखाचा दीडशे वर्षांचा इतिहास सावकाराच्या वहीत लिहिला गेला, तिथे या एका कलमाची किंमत कर-सवलतीपेक्षा मोठी आहे.

पैसा गेला कुठे

खाते नाही म्हणजे बचत नाही, असे नाही. आपल्या बायकांइतकी काटकसर कोण करते? काही पैसा सोन्यात गेला. काही भिशीत गेला. दहा-वीस जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी मिळते. चिठ्ठीची भिशी बिनव्याजी असते, शेजारधर्मावर चालते. लिलावाची भिशी वेगळी, तिथे घाई असलेला कमी घेऊन उचलतो आणि बाकीचे ती तूट वाटून घेतात. नाव बदलले तरी ते व्याजच.

बिनव्याजी संस्था उभ्या करायचे प्रामाणिक प्रयत्नही झाले. हैदराबादेत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अंजुमन होत्या आणि डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. 1961 मध्ये देवबंदला मुस्लिम फंड निघाला, 1976 मध्ये मुंबईत बैतुन्नस्र ही पतसंस्था. दागिने गहाण ठेवून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या मुस्लिम फंडाने हजारो घरांना सावकारापासून वाचवले. बैतुन्नस्र मात्र पुढे बंद पडली. नियत चांगली असली तरी ठेवीमागे सरकारची हमी नसेल, तर संस्था बुडताना ठेवीदारही बुडतो.

आणि मग आले ते, ज्यांनी आमच्या दीनदारीचाच धंदा केला. 'हलाल नफा', 'सूद नाही', पहिल्या पानावर बिस्मिल्लाह आणि महिन्याला दोन-तीन टक्के परतावा. जून 2019 मध्ये बंगळुरूच्या आयएमए कंपनीचे प्रमुख देश सोडून गेले आणि हजारो ठेवीदार, त्यांतले बहुतेक मुसलमान, कागद घेऊन रांगेत उभे राहिले. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या निकाहचे पैसे, हजसाठी जमवलेले पैसे त्यात होते. मामूंची पेटीही शेवटी अशाच एका कंपनीत रिकामी झाली. बँकेत सूद आहे म्हणून ते गेले नाहीत. त्या कंपनीचा एजंट टोपी घालून घरी आला होता.

मला यात मामूंचा दोष दिसत नाही. सुरक्षित जागा हराम आहे एवढेच ज्याला ऐकवले गेले, तो असुरक्षित पण 'हलाल' जागेकडे जाणारच. इथे पणाला लागले आहे ते आमच्या मेहनतीचे मुद्दल. वाढीच्या वादात आम्ही मुद्दल गमावत आलो आहोत.

डबा आणि त्यातला माल

व्याज टाळायचे आणि सरकारी सवलतही घ्यायची, हे शक्यच नाही का? ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 1999 पासून आयसा नावाचे करमुक्त बचत खाते आहे. वर्षाला 20 हजार पौंडांपर्यंत त्यात ठेवता येतात. ठेवताना सूट नाही, पण आत झालेल्या वाढीवर कर नाही आणि सहसा पैसे केव्हाही काढता येतात. त्याची खुबी अशी की, करमाफी डब्याला आहे, मालाला नाही. डब्यात व्याजाची ठेव ठेवा, शेअर ठेवा, नाहीतर म्युच्युअल फंड. त्यामुळे 2004 मध्ये तिथे इस्लामी बँक सुरू झाली आणि आज अल रय्यान या नावाने चालणाऱ्या त्या बँकेने नफ्याच्या अंदाजावर चालणारे हलाल आयसा खाते दिले. ब्रिटिश सरकारने 2005 च्या वित्त कायद्यात बिनव्याजी व्यवहारांना कराच्या बाबतीत व्याजी व्यवहारांच्या बरोबरीने बसवले. त्यासाठी वेगळा मुस्लिम कायदा करावा लागला नाही.

आपल्याकडे पीपीएफमध्ये डबा आणि माल एकमेकांना चिकटलेले आहेत. सरकारने ठरवलेले व्याज घ्या, नाहीतर डबाच घेऊ नका. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये व्याजमुक्त बँकिंगची वाट सुचवली होती. दीपक मोहंती समितीने डिसेंबर 2015 मध्ये बँकांत व्याजमुक्त खिडकी उघडण्याची शिफारस केली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे सांगितले. स्टेट बँकेचा शरिया म्युच्युअल फंड डिसेंबर 2014 मध्ये निघायचा होता, तो ऐनवेळी लांबणीवर पडला. टॉरस आणि टाटा यांचे एथिकल फंड शरियतच्या निकषांवर चालतात, पण त्यांत बाजाराची जोखीम आहे, नफ्यावर करही आहे आणि मागे सरकारची हमी नाही.

व्याजमुक्त खाते मागणे म्हणजे धर्माच्या नावाने खास सवलत मागणे, असा आरोप होतो. पण व्याज नको म्हणणारा माणूस सरकारकडे जास्त मागत नाही, कमीच मागतो आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कैरोच्या टपाल कचेरीला जे जमले, ते आपल्या टपाल खात्याला का जमू नये, हा सवाल आपण सरकारला शांतपणे आणि पुन्हा पुन्हा विचारला पाहिजे.

तोपर्यंतचा हिशेब

तोपर्यंत थांबून चालणार नाही. समजा, पातूरच्या एखाद्या गॅरेजवाल्याने दर एप्रिलच्या सुरुवातीला 12 हजार रुपये पीपीएफमध्ये टाकले, म्हणजे महिन्याला हजार. दर 7.1 टक्केच राहिला, तर 15 वर्षांनी सुमारे 3 लाख 25 हजार होतात. त्यातले 1 लाख 80 हजार त्याचे मुद्दल, आणि सुमारे 1 लाख 45 हजार वाढ. वाढ घ्यायची नसेल, तर वर सांगितलेल्या मार्गाने ती देऊन टाकता येते. गावातल्या गरीब विद्यार्थ्याची फी, विधवेच्या घराची डागडुजी, एखाद्याचे दवाखान्याचे बिल. ज्याला आयकर लागतो, त्याने सरकारी बँकेतून आलेले व्याज आयकरात भरावे, म्हणजे ज्याचे त्याला परत गेले, असेही देवबंदी मुफ्ती सांगतात.

पंधरा वर्षांनी 1 लाख 80 हजारांची किंमत आजच्याएवढी राहणार नाही, हेही सांगितले पाहिजे. महागाई मुद्दल खाते. वाढ न घेणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते आणि ती लहान नाही. म्हणूनच काही आधुनिक अभ्यासक महागाईपुरती वाढ ही रिबा नसून नुकसानभरपाई आहे, असे मांडतात. बहुसंख्य उलेमांना ते मान्य नाही. कोणते मत घ्यायचे, ते ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारून ठरवावे. पण महागाईने घटलेले मुद्दल आणि कंपनीने पळवलेले मुद्दल, यांत निवड करायची झाली तर ती अवघड नाही.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. पीपीएफचे मुद्दल तुमचे आहे, त्यामुळे निसाबइतकी मालमत्ता असेल तर त्यावर जकातचा सवाल येतो. सरकारचे वर्ष 31 मार्चला संपते, जकातचे वर्ष चांद्र महिन्यांवर चालते आणि आपल्याकडे बहुतेक जण हिशेब रमजानमध्ये करतात. म्हणून पासबुकाची नोंद दोन्ही वेळा पाहून ठेवावी. दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने, तो एकटा मालक होत नाही. 2000 साली राष्ट्रीय बचत पत्रांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. शरियतच्या मिरासप्रमाणे मुलींचा, आईचा, बायकोचा हिस्सा त्यात आहे. भावाला किंवा मोठ्या मुलाला नॉमिनी केले म्हणून बाकीच्यांचे हक्क संपत नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

इमाम साहेबांना माझी एक विनंती आहे. रिबाची मनाई सांगणारा बयान जरूर करा, ती दीनची गोष्ट आहे. पण त्याच बयानात खाते ठेवायची इजाजत, वाढ काढून गरजवंताला द्यायची रीत आणि 'हलाल नफ्या'च्या कंपन्यांपासून सावध राहायचा इशारा, हे तिन्ही सांगा. आणि टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्यांना सांगायचे ते असे: वाइंडिंगवाला दारात आला, तर त्याला त्याची कर-बचत विचारू नका. त्याला करच नाही. त्याला एवढेच सांगा की इथे ठेवलेले मुद्दल बुडत नाही आणि कोर्टालाही जप्त करता येत नाही. हे खाते 1968 मध्ये त्याच्याच नावाने काढले होते.